बँकॉक : 'राजवाडा आज बंद आहे' असं सांगणारा भला माणूस

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी,

माझी मावशी आणि काका नुकतेच थायलंडहून आले. काका निवृत्त मुख्याध्यापक, मावशीची सगळी नोकरी पोस्टात गेली. सहल कंपनीबरोबर गेले होते. बँकॉकमधला शेवटचा दिवस मोकळा होता म्हणून दोघंच ग्रँड पॅलेस बघायला निघाले. राजवाडा बघायचा राहिलाच आणि पावणेदोन लाख रुपयांचे नीलम घेऊन परतले. पैसे क्रेडिट कार्डावर. पुण्यात ओळखीच्या सराफांनी खडे भिंगाखाली धरले आणि सांगितलं, खडे खोटे नाहीत, पण हलक्या प्रतीचे आहेत, तापवून रंग उठवलेला आहे. दिलेल्या पैशांचा दहावा हिस्साही सुटणार नाही.

झालं ते असं. राजवाड्याच्या भिंतीलगत टॅक्सीतून उतरले तर एक पन्नाशीचा गृहस्थ समोर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कुठून आलात विचारलं. भारत म्हटल्यावर हात जोडून म्हणाला, बुद्धाच्या देशातून आलात. मग हळहळत सांगितलं की आज भिक्खूंचा विधी आहे, परदेशी लोकांना दोन वाजेपर्यंत आत सोडत नाहीत. काकांच्या हातातल्या नकाशावर त्यानं तीन देवळांवर खुणा केल्या. 'यातलं एक फक्त आजच उघडं आहे, तोवर बघून या.' रत्नांवरची सरकारी करमाफी आज संपते आहे, हेही जाता जाता बोलला. टुकटुकवाल्याला (म्हणजे तिथला रिक्षावाला) हाक मारून त्याच्याशी थाई भाषेत घासाघीस केली, वीस बाटच्या वर देऊ नका म्हणून बजावलं आणि निघून गेला. एक पैसा मागितला नाही.

देवळात एक माणूस शांतपणे प्रार्थना करत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, मी वकील आहे, रत्नांवरची सरकारी करमाफी आज संपते आहे, मी सकाळीच घेऊन ठेवले. मग टुकटुकवालाही आपणहून तेच बोलला. दुकानात चहा, गार पाणी, बसायला कोच. एक गोरा प्रवासी तिथे खडे घेत होता. मागच्या वर्षी नेलेले घरी दुप्पट किमतीला विकले, असं त्यानं काकांना सांगितलं. दुकानदाराला नीलम आणि शनी यांचं नातंसुद्धा माहीत होतं. मावशीच्या मुलाला साडेसाती चालू आहे. पुढचं सांगायला नको. पाकीट सीलबंद करून दिलं आणि घरी पोचेपर्यंत उघडू नका, नाहीतर हमी रद्द होईल, असं सांगितलं.

माझे दोन प्रश्न आहेत. पैसे परत मिळण्याचा काही मार्ग आहे का? आणि दुसरा जास्त अवघड आहे. काका घराबाहेर पडेनासे झालेत. 'शिकलेला माणूस असा कसा फसला' हे वाक्य त्यांनी नातेवाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ते स्वतःच तसं म्हणतात. हे जाळं कसं विणलेलं असतं ते कुणाला नीट माहीत असेल तर लिहा. मला ते त्यांना वाचून दाखवायचंय.

सह्याद्रीवारा

वाईट वाटलं वाचून. काकांना सांगा, हा प्रकार तिथे कित्येक दशकं चालू आहे आणि जगभरातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक यात सापडलेत.

मेनामकाठी

अनघा, मी नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये राहते. माझं ऑफिस नदीच्या, राजवाडा आहे त्याच बाजूला आहे, त्यामुळे हे नाटक डोळ्यांसमोर रोज घडताना दिसतं. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, राजवाडा बंद नव्हता. तो आठवड्याचे सातही दिवस उघडा असतो. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन तिकीट मिळतं, परदेशी माणसाला पाचशे बाट. राजघराण्याचा समारंभ असेल तेव्हा काही भाग बंद ठेवतात, नाही असं नाही, आणि थाप खपते ती म्हणूनच. प्रवाशानं कुठेतरी वाचलेलं असतं की कधीकधी बंद असतो. अनोळखी माणसांवर विसंबू नका असे फलकही तिथे लावलेत, पण ते दाराजवळ. हा गृहस्थ गाठतो दारापासून लांब, भिंतीच्या कडेला, जिथून दारातली गर्दी दिसत नाही. ती भिंत खूप लांब आहे. वयस्कर माणूस उन्हात उभा असतो आणि कुणीतरी त्याची पायपीट वाचवतो. थँक्यू म्हणावंसंच वाटणार.

वीस बाटमध्ये तासभर टुकटुक कुठल्याही थाई माणसाला मिळत नाही. प्रवासी दुकानात आणला की दुकानदार चालकाला पेट्रोलची कुपनं देतो, गिऱ्हाइकानं खरेदी केली तर वर दलालीही. म्हणजे टुकटुकचं खरं भाडं दुकान भरतं.

खड्यांबद्दल. थायलंड रंगीत रत्नांचं खरोखरच मोठं केंद्र आहे. चंथाबुरीला माणिक-नीलमाचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालतो, कांचनाबुरीकडे नीलमाच्या खाणी होत्या. नीलम तापवून त्याचा रंग सुधारणं हाही रत्नांच्या धंद्यात मान्य असलेला प्रकार आहे, फक्त तो गिऱ्हाइकाला सांगायचा असतो. त्यामुळे दुकानदार 'थायलंडमध्ये नीलम स्वस्त मिळतात' म्हणतो तेव्हा तो पूर्ण खोटं बोलत नसतो. खडा नीलमच असतो, पावतीवरही नीलमच लिहिलेलं असतं. पोलिसांपुढे तो म्हणतो, मी नीलम विकला, भाव गिऱ्हाइकाला पटला, त्यानं सही केली. काच विकली असती तर त्याला पकडणं सोपं होतं.

आणि 'सरकारी करमाफीचा शेवटचा दिवस' असलं काही नसतं. हा शेवटचा दिवस वर्षभर असतो. सीलबंद पाकिटाचं कारण एवढंच की त्याच दिवशी तुम्ही दुसऱ्या दुकानात जाऊन खडा दाखवू नये. काहींना तर खडे टपालानं घरी पाठवून देतात, म्हणजे विमानात बसेपर्यंत हातात काहीच नसतं.

रोखठोक_नाशिककर

राग मानू नका, पण दुप्पट किमतीला विकता येईल हे ऐकून घेतले ना? मग हाव आली की नाही? हाव नसेल तर कुणी कुणाला फसवू शकत नाही. सहानुभूती आहे, पण जबाबदारीही घ्यायला हवी.

अनघा_ठाणे

@रोखठोक, रागावले नाही. पण काकांनी विकायला नाही घेतले. मुलाची साडेसाती, सुनेला एक, नातीच्या लग्नासाठी दोन ठेवायचे, असा हिशोब होता. शंका एकदा आली होती, असं मावशी म्हणते. टुकटुकमध्ये बसताना काका म्हणाले होते, 'हा एवढा का करतोय आपल्यासाठी?' मग देवळातल्या माणसानंही तेच सांगितलं आणि शंका गेली.

मुक्ता_वाचक

अनघा, काकांना वाचून दाखवायचं असेल तर तुमचं ते शेवटचं वाक्य आधी दाखवा. सगळी किल्ली तिथे आहे.

काकांनी पडताळा घेतला होता. एकानं सांगितलं, ते नुसतं मानलं नाही. दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाकडून, न विचारता तीच माहिती मिळाली. मग तिसऱ्याकडून. मग चौथा, तोही परका, गोरा. आपण शाळेत मुलांना हेच शिकवतो की एकाच्या सांगण्यावर जाऊ नका, चार ठिकाणी खात्री करा. या लोकांना ठाऊक असतं की समंजस माणूस चौकशी करतो. म्हणून चौकशीची चारही ठिकाणं त्यांनी आधीच मांडून ठेवलेली असतात. अविचारी माणसासाठी एवढा खटाटोप लागलाच नसता.

पहिला गृहस्थ काही न घेता निघून जातो, त्याचं कारणही हेच. त्यानं पन्नास बाट मागितले असते तर काका तिथेच सावध झाले असते.

@रोखठोक, हावेचा मुद्दा जुगाराच्या फसवणुकीत पटतो. इथे लोकांना पकडलंय ते त्यांच्या सौजन्यावर. भिंतीजवळच्या माणसाला 'तुम्ही खोटं बोलताय' असं तोंडावर म्हणणं आपल्या वडीलधाऱ्या पिढीला जमत नाही, आणि तो काही दोष नव्हे.

रोखठोक_नाशिककर

मुक्ताताई, पटलं. शब्द मागे घेतो. काकांना माझा नमस्कार सांगा.

जुनी_पानं

बँकॉक, रत्नं आणि मदतीला धावून येणारा माणूस हे एकत्र आलं की चार्ल्स शोभराज या कुप्रसिद्ध खुनी ठगाची आठवण टाळता येत नाही. नवीन पिढीतल्या किती जणांना ही हकिगत नीट माहीत आहे कोण जाणे, म्हणून लिहितो.

१९७५ च्या सुमारास तो बँकॉकमध्ये रत्नांचा व्यापारी म्हणून वावरत होता. वडील सिंधी, आई व्हिएतनामी, जन्म सायगावचा, नागरिकत्व फ्रेंच. खर्चाला पैसे बेताचे आणि घर लांब, अशा तरुण युरोपियन भटक्यांना तो गाठायचा. गाठण्याची पद्धत बघा. दोन फ्रेंच तरुणांचे पासपोर्ट हरवले. हे दोघे पूर्वी स्वतः पोलिसात होते. शोभराजनं धावपळ करून त्यांना मदत केली, ते त्याचे ऋणी झाले. पासपोर्ट चोरले होते त्यानंच. आणखी एक फ्रेंच तरुण सारखा आजारी पडायचा, शोभराज त्याला घरी ठेवून घेऊन शुश्रूषा करायचा. औषध म्हणून जे द्यायचा त्यानंच तो आजारी राहायचा. म्हणजे संकट आधी स्वतः उभं करायचं आणि मग तारणहार म्हणून पुढे यायचं. भिंतीजवळचा गृहस्थ 'राजवाडा बंद आहे' म्हणतो तेव्हा तोही हेच करत असतो. अडचण त्याचीच, तोडगाही त्याचाच.

हाँगकाँगमध्ये भेटलेल्या एका तरुण डच जोडप्याला त्यानं असंच बँकॉकला बोलावलं. डिसेंबर १९७५ मध्ये त्या दोघांचा खून झाला. डच वकिलातीतले एक कनिष्ठ अधिकारी, हर्मन निपेनबर्ग, यांनी नेटानं पाठपुरावा केला म्हणून धागेदोरे जुळले. नाहीतर घरी पत्रं येईनाशी झालेल्या मुलांची चौकशी करणार कोण?

१९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यानं पोट बिघडू नये म्हणून गोळ्या दिल्या. त्या अपेक्षेपेक्षा लवकर लागू पडल्या, मुलं तिथेच कोसळू लागली आणि बाकीच्यांनी त्याला धरलं. पुढे तिहारमधून १९८६ च्या मार्चमध्ये पहारेकऱ्यांना गुंगीचे पदार्थ खाऊ घालून तो पळाला. त्याला पकडलं ते आपल्या मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी, ६ एप्रिल १९८६ रोजी, गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये. झेंडे यांनी त्याला १९७१ मध्येही मुंबईत पकडलं होतं, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. ज्या माणसाला सगळे 'किती सज्जन' म्हणायचे, त्याला ओळखणारा एक शांत डोक्याचा मराठी अधिकारी होता. नंतर २००३ मध्ये शोभराज काठमांडूत सापडला, १९७५ मधल्या तिथल्या खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुटला.

पैसे गेले, पण काका स्वतः सुखरूप घरी आले, हे मी त्यांना कमी लेखून म्हणत नाही. दोन माजी पोलीस जिथे ओळखू शकले नाहीत तिथे एका सरळमार्गी मुख्याध्यापकांनी स्वतःला दोष द्यायचं कारण नाही.

कार्डविभाग

पैशांबद्दल बोलतो. मी बँकेत याच कामात होतो.

सर्वप्रथम गैरसमज दूर करतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बरेच जण दाखवतात, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे. ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे काकांनी स्वतः कार्ड दिलं, पिन टाकला. तो मार्ग बंद.

दुसरा मार्ग आहे तो चार्जबॅकचा, म्हणजे आपल्या बँकेमार्फत दुकानाकडून कार्डावरची रक्कम परत मागण्याचा, 'वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही' या कारणाखाली. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँकेचं अंतर्गत काम धरून लवकर अर्ज करा. 'फसवलं' एवढं लिहून भागत नाही. विकताना काय सांगितलं आणि प्रत्यक्षात काय निघालं, यातला फरक कागदावर दाखवावा लागतो. म्हणून ओळखीच्या सराफाचं तोंडी मत पुरेसं नाही, रत्नांच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. मुंबईत झवेरी बाजाराच्या परिसरात ती सोय आहे. दुकानाची पावती, त्यांचं 'प्रमाणपत्र', सीलबंद पाकीट, कार्डाची स्लिप, यातलं काही टाकू नका. खडे परत करायची तयारी आहे असं दुकानाला लेखी कळवा आणि त्याची प्रत जोडा. बँक हे आवर्जून विचारते.

यश नक्की मिळेल असं मी म्हणणार नाही. पिन टाकलेल्या व्यवहारात दुकानाची बाजू बळकट असते.

मेनामकाठी

यात भर. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलतात. बँकॉकमध्ये असतानाच कुणाच्या लक्षात आलं तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जायचं. त्यांच्या मध्यस्थीनं दुकानानं काही रक्कम कापून बाकीची परत केल्याचं मी पाहिलंय. भारतात परतल्यावर अवघड होतं, तरी तक्रार जरूर द्या. दुकानाचा पत्ता आणि पावती पाठवा. लागली तर मी इथून खेटे घालीन. अनघा, व्यक्तिगत निरोप करा.

बॉस्फरसप्रेमी

इस्तंबूलमध्ये माझ्या सहकाऱ्याच्या बाबतीत घडलं ते लिहितो. तो एकटाच संध्याकाळी फिरायला निघाला. एकानं काडेपेटी मागितली, गप्पा झाल्या, 'मीही या शहरात पाहुणाच, चल एक बिअर घेऊ.' त्यानं नेलेल्या बारमध्ये दोन बायका येऊन टेबलावर बसल्या आणि बिल आलं ते महिन्याच्या पगाराएवढं. दारात दोन आडदांड माणसं उभी. तो नवा मित्र स्वतःच्या वाट्याचे पैसे मुकाट्यानं भरतो, अगदी हळहळतो सुद्धा. माझा सहकारी हॉटेलवर येईपर्यंत त्या मित्रालाच बिचारा समजत होता!

तिथलाच दुसरा प्रकार बूटपॉलिशवाल्याचा. चालता चालता त्याचा ब्रश पडतो. आपण उचलून देतो. तो उपकाराची फेड म्हणून आग्रहानं बूट चमकवतो आणि मग पैसे मागतो. मदत आपणच केलेली असते, म्हणून संशय येतच नाही.

सीनकाठचा_सुहास

पॅरिसला गार द्यू नोर स्टेशनवर तिकीट मशीनपाशी गोंधळलेल्या प्रवाशाला गाठतात. 'तुमचं परदेशी कार्ड इथे चालणार नाही, मी माझ्या कार्डानं आठवड्याचा पास काढून देतो, मला रोख द्या.' हातात पडतं साधं एका फेरीचं किंवा लहान मुलाचं तिकीट. पुढे तपासनीस पकडतो आणि दंड वेगळा. स्टेशनवर काचेमागे बसलेल्या कर्मचाऱ्याकडेच जायचं.

सिंगापूरकर_वैशाली

पैशांपलीकडचा धोका सांगते, कारण आपल्या लोकांना तो फार आहे. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की भाजणीचं, लोणच्याचं पुडकं त्याच्याबरोबर द्यायची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे विमानतळावर 'माझं सामान जास्त झालंय, एवढी पिशवी घ्याल का' असं कुणी म्हटलं की आपला हात पुढे होतो. सिंगापूरमध्ये तुमच्या ताब्यातल्या पिशवीत अमली पदार्थ सापडला तर तो तुमचाच आणि तुम्हाला माहीत होतं असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. पंधरा ग्रॅमच्या वर शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे. आजी असो, बाळाला घेतलेली बाई असो, अनोळखी माणसाची पिशवी हातात घ्यायची नाही. विमान कंपनीच्या काउंटरकडे बोट दाखवायचं.

पायवाट

सगळं वाचून उद्या कुणी परदेशात कुणाशी बोलणारच नाही अशी भीती वाटली म्हणून लिहिते. चियांग माईला माझ्या आईला चक्कर आली तेव्हा फळं विकणाऱ्या बाईनं गाडा तसाच टाकून आम्हाला दवाखान्यात पोचवलं. पैसे देऊ केले तर आंब्याची फोड हातावर ठेवून निघून गेली. जगात अशी माणसंच जास्त आहेत.

फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते. मदत हवी होती का, आणि माणूस कुणी निवडला? मला रस्ता विचारायचा असेल तर मी समोरच्या गर्दीतून माणूस निवडते, पोराला शाळेतून नेणारी आई, दुकानात हिशोब करत बसलेला म्हातारा. शंभरातला जो एक फसवणारा असेल, त्यालाच मी नेमकी गाठण्याची शक्यता किती? पण जो स्वतः चालत माझ्याकडे आला, त्यानं मला निवडलंय. त्याच्याशी हसून बोलायचं, नमस्कार करायचा आणि त्यानं सांगितलेलं दुसऱ्या कुणाला तरी, मी निवडलेल्या माणसाला, विचारायचं. त्या फळवालीनं आईला कोसळताना पाहिलं म्हणून ती आली. अडचण तिनं आम्हाला सांगितली नव्हती.

मुक्ता_वाचक

पायवाट, +१. वाचनखूण साठवली.

अनघा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोगशाळेचा अहवाल आला, 'उष्णता प्रक्रिया केलेले' असं त्यात स्पष्ट लिहिलंय आणि दुकानाच्या प्रमाणपत्रात त्याचा उल्लेखच नाही. बँकेनं अर्ज दाखल करून घेतला. मेनामकाठीताईंनी तक्रार पोलिसांकडे पोचवली, त्यांनी पावतीची मूळ प्रत मागितली आहे.

काकांना धागा वाचून दाखवला. मुक्ताताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. तक्रारीचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, त्या चार माणसांचं वर्णन, कोण काय बोललं ते क्रमवार. ते म्हणतात, पैसे येवोत न येवोत, वर्णन पोलिसांकडे असलं पाहिजे. सध्या ते हेच टिपण मराठीत ज्येष्ठ नागरिक संघात वाचायची तयारी करताहेत, कारण संघाची सहल जानेवारीत तिकडेच निघाली आहे.

नवा_प्रवासी

आम्हीही त्याच सुमारास आई-बाबांना घेऊन जातोय. राजवाड्याला जायचा सुरक्षित मार्ग कोणता? टुकटुकमध्ये बसूच नये का?

मेनामकाठी

टुकटुकमध्ये जरूर बसा, पण राजवाड्याजवळ थांबलेल्या टुकटुकमध्ये नको आणि भाडं आधी ठरवून. राजवाड्याला जायला नदी उत्तम. स्कायट्रेननं सफान ताक्सिन स्टेशनला उतरा, खाली सॅथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट घ्या आणि था चांग धक्क्याला उतरा. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की ना फ्रा लान रस्त्यावर प्रवाशांचं दार लागतं. बोट नको असेल तर मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाट फो या देवळाच्या जवळ आहे, पण तिथून चालणं जास्त आहे, आई-बाबांना ऊन लागेल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, कारण 'या कपड्यांत आत सोडणार नाहीत, माझ्या दुकानात चला' म्हणणारेही वाटेत भेटतात. कुणी काहीही सांगितलं तरी दारापर्यंत चालत जा आणि गणवेशातल्या पहारेकऱ्याला विचारा. सकाळी साडेआठला पोचलात तर गर्दीही कमी असते.